टोरीच्या तेलात अडकलेला आठवा फोटो

उशिरा लिहितो आहे, राग मानू नका. एप्रिलात जाऊन आलो आणि आता धान कापणीला आला. सडक अर्जुनीचे कॅमेरा दुरुस्त करणारे अजून काम करतात का, असे काहींनी विचारले होते. करतात. पण तिथले लिहायला बसलो की दोन ओळींवर उठायचो. आज कुडव्याला मुलीकडे, रत्नाकडे आहे. मी सांगतो, ती टाइप करते.

मी कामठ्याचा. तीस वर्षे लोकांच्या लग्नांचे फोटो काढले, पण बायकोचा, सुमनचा, एकही नाही. घरच्या माणसावर रोल कशाला घालवायचा? बारा वर्षांपूर्वी, कडक थंडीतल्या एका सकाळी ती स्वतःच म्हणाली, "आज माहा काढा जी." पडवीत खुर्ची टाकून बसली. मी बटन दाबले. आवाजच आला नाही.

"निघाला?"

"निघाला," मी म्हणालो.

उद्या शटर मोकळे करून पुन्हा काढू, असे मनात होते. त्याच दुपारी तिला ताप भरला. आठ दिवसांत ती गेली. कॅमेरा पेटीत गेला, रोल आत आठव्या फोटोवर तसाच.

(इथे रत्नाचे हात थांबले. हे तिला आजच कळते आहे.)

यंदा तीच म्हणाली होती, "बाबा, आईचा चेहरा मले आठवून नाही राहिला." दुसऱ्या दिवशी मी निघालो.

कामठ्याहून गोंदियाला काळीपिवळीने, तिथून गोरेगावमार्गे एसटीने. जाणार असाल तर सकाळची पहिली गाडी धरा, नंतर पत्रा तापतो. कॅमेऱ्याची पिशवी मांडीवर घेऊन मी दर खड्ड्याला ती चाचपत होतो. गाडी भरलेली, तरी माझ्या शेजारी कुणी बसेना. जंगल लागल्यावर दांड्याला धरून उभी असलेली एक म्हातारी म्हणाली, "तुमच्याजवळची बाई उतरली का जी? बसू का मी?"

"माझ्याजवळ बाई नव्हती."

तिने सीटकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि उभीच राहिली.

उतरल्यावर हायवेच्या ढाब्यावर वरण-भात घेतला. चांगला असतो म्हणतात. मला दोनच घास गेले.

झनकलालजी मिस्त्रींचे घर ढाब्यामागच्या गल्लीत आहे. वय माझ्याएवढेच. त्यांनी भिंग हुंगले.

"तेल कोणतं टाकलं होतं जी?"

"टोरीचं." आमच्याकडे मोहाच्या बियांचे तेल दिव्याला, गाडीला, सगळ्यालाच चालते.

"बैलगाडीचा आस हाय का हा? थंडीत तुपासारखं गोठते ते! फोटोवाले म्हणवता आन..."

मग मी रोलचे सांगितले. ते उठले. उजेड लागू नये म्हणून बाह्या शिवलेल्या काळ्या पिशवीत कॅमेरा घातला, दोन्ही हात आत सारले आणि डोळे मिटून तासभर शटरच्या पात्या पेट्रोलने पुसल्या. शटर हलेना. भिंग बसवून त्यांनी कॅमेरा खिडकीतल्या उन्हात ठेवला. "वाळू द्या. बटन दाबलेलंच हाय बारा वर्षांपासून."

भिंगासमोर एक रिकामी खुर्ची होती. आम्ही दोघे बाजूला चहा पीत होतो. कॅमेऱ्याला कुणाचा हात नव्हता.

खट.

झनकलालजींची बशी हिंदकळली. बराच वेळ ते त्या खुर्चीकडे पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, "ऊन लागलं, तेल सुटलं. दुसरं काही नाही." पण मी परत निघेपर्यंत ते त्या खुर्चीसमोरून गेले नाहीत, मागून फिरून गेले.

मी विचारले, "सुमन आली असेल का त्यात?"

"तवा पाती केसभर उघडली असंल तर आली. नसंल तर माही खुर्ची."

पैसे घेतले नाहीत. "पहिले धुऊन पाहा," म्हणाले.

रोल आता काळ्या कागदात, रत्नाच्या कपाटात आहे. गोंदियात असा रोल धुणारे कुणी उरले नाही. माझ्याकडे रोल धुण्याचा मसाला नाही, आणि असता तरी माझे हात कापतात. प्रवास एका दिवसाचा होता, पण मी अजून त्या खुर्चीच्या बाजूलाच उभा आहे असे वाटते. "निघाला" असे खोटे बोललो याचे बारा वर्षे वाईट वाटायचे. आता ते खरे निघेल याची भीती वाटते.

जुना काळा-पांढरा रोल हाताने धुणारे कुणी माहीत असेल तर लवकर कळवा. रत्ना वाट पाहते आहे. आणि धुणाऱ्यांना एक विनंती: खुर्ची रिकामी निघाली तरी सांगा. रिकामी नसली तर फोटो लगेच पाठवू नका, आधी दोन ओळी लिहा.