उपासाच्या डब्यातली गोळी

आमच्या वन्सं कुणाच्याही घरी गेल्या की आधी ताटाकडे बघायच्या, मग माणसाकडे. नात्यातल्या एका साखरपुड्यात मुलाचे वडील स्वतः वाढायला आले, तर त्यांना म्हणाल्या, "पुरी नको. आपल्या वयात गुडघ्यांना चालत नाही." ते बिचारे परात हातात घेऊन तसेच उभे. पुरीचा आणि गुडघ्यांचा काय संबंध, हे त्यांनी विचारलं नाही. मीही कधी विचारत नसे. विचारलं की वन्संजवळ उत्तर असायचंच, आणि ते लांब असायचं.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण. लग्न केलं नाही. इथेच जबलपूरला कारखान्याच्या ऑफिसात नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर राइट टाउनच्या आमच्या घरात वरच्या मजल्यावर राहिल्या. खाली मी. नवरा गेल्यावर घरात आम्ही दोघीच. त्या बी.ए., मी चौथी पास. माझा स्वयंपाक म्हणजे त्यांना तपासायला आलेला पेपर वाटायचा. जिना उतरतानाच सुरू व्हायच्या. "वहिनी, काहून इतकं मीठ टाकून राहिल्या?" मीठ त्यांनी पाहिलेलंही नसायचं. नुसता डब्याच्या झाकणाचा आवाज ऐकलेला असायचा.

सकाळी लौकीचा, म्हणजे दुधी भोपळ्याचा, रस. कडू लौकी बाधते असं त्यांनी फोनवर पाहिलं होतं, म्हणून भाजीवाल्याकडून फोड कापून घेऊन चाखल्याशिवाय लौकी घ्यायच्या नाहीत.

"दीदी, कच्ची लौकी कौन चखता है?"

"जिसको जीना है वो. तुम काटो भैया."

मागे बायका खोळंबलेल्या. मी जरा लांब उभी राहायचे, ओळख नसल्यासारखी.

हे सगळं कशासाठी चाललंय ते मला ठाऊक होतं. माझ्या सासूबाई शेवटची काही वर्षं अंथरुणातच होत्या. त्यांचं सगळं वन्संनी केलं, नोकरी सांभाळून, आणि चांगलं केलं. पण त्या वर्षांनी त्यांच्या मनात एक भीती घालून ठेवली. "वहिनी, मला कुणी उचलून बसवायची वेळ यायला नको. चालता चालता जायचं." मरणाला त्या भीत नव्हत्या, दुसऱ्याच्या हातांना भीत होत्या. म्हणून मी त्यांची लौकी सहन केली. गोळ्याही सहन केल्या.

गोळ्या भरपूर होत्या. हाडांची, डोळ्यांची, केसांची. एक कशाची होती ते त्यांनाही सांगता येत नव्हतं, पण ती परदेशी होती. औषध म्हटलं की मात्र चिडायच्या. "हे औषध नाही वहिनी, व्हिटॅमिन आहे. अन्नच समजा." अन्न असेल तर जेवायला काहून बसता, असं मी एकदा विचारलं. दोन दिवस वरून खाली आल्या नाहीत. मला जरा आराम मिळाला.

मग नेपियर टाउनच्या डॉक्टरनं त्यांना व्हिटॅमिन डीची गोळी दिली. जोरदार गोळी. आठवड्यातून एक, काही आठवडे, मग येऊन दाखवा, असं त्यानं सांगितलं. विसरायला नको म्हणून वन्संनी ती सोमवारच्या उपासाला जोडली. आता आपल्या घरांत उपासाचा डबा वेगळा असतो. साबुदाणा, राजगिरा, दाण्याचं कूट, सगळं एकत्र, रोजच्या धान्याला न लागलेलं. गोळीचं पाकीट त्यांनी त्याच डब्यात ठेवलं. सोमवारी डबा उघडायचा, गोळी घ्यायची, वर राजगिऱ्याचा लाडू. डॉक्टरकडे पुन्हा काही गेल्या नाहीत. पाकीट संपलं की दुकानातून नवं यायचं.

पुढे चातुर्मास लागला. उपासानं शरीर आतून साफ होतं, हे फोननं त्यांना शिकवलेलंच होतं. वन्संनी गुरुवार धरला, शनिवार धरला, एकादश्या धरल्या, वर नवरात्राचे सगळे दिवस. उपास आला की डबा उघडायचा. डबा उघडला की गोळी. आठवडा केव्हाच मागे पडला आणि ती उपासाची गोळी होऊन बसली.

दसऱ्यापर्यंत त्यांची तोंडाची चव गेली. पाणी पीत सुटल्या. ओकाऱ्या यायला लागल्या. मी म्हटलं डॉक्टरकडे चला, तर म्हणाल्या, "अशक्तपणा आहे, व्हिटॅमिन कमी पडून राहिलं." आणि हाडांची गोळी दुपारीही घ्यायला लागल्या. एका सकाळी मला सासूबाई समजून 'आई' म्हणून हाक मारली. तेव्हा मी त्यांना विचारायचं सोडलं आणि सरळ ऑटो बोलावला.

दवाखान्यात दुसरा डॉक्टर होता. त्यानं विचारलं, "माताजी, कौन-कौन सी दवा चल रही है?"

"कोई दवा नहीं. मैं दवा खाती ही नहीं."

मी बोलणार नव्हते, पण बोलले. म्हटलं, उपवास के दिन विटामिन डी की एक गोली खाती हैं. डॉक्टर हसला. "अच्छा, उपवास कौन-कौन से रखती हैं?" मी सांगायला लागले. तो बोटांवर मोजत गेला. मोजता मोजता त्याचं हसू गेलं आणि त्यानं नर्सला रक्त काढायला सांगितलं.

त्या गोळ्यांनी रक्तात कॅल्शियम फार वाढलं होतं. मूत्रपिंडांना इजा झाली होती. वन्सं वाचल्या, पण पायांतली ताकद गेली ती गेलीच. त्यांचा पलंग मी खालच्या खोलीत आणवला. जी एक गोष्ट टाळण्यासाठी इतकी वर्षं माझं डोकं खाल्लं, तीच नेमकी झाली होती. आता त्यांना उचलून बसवावं लागायचं. कामवाली बाई आणि मी मिळून बसवायचो.

पहिल्यांदा अंग पुसायला घेतलं तर त्यांनी पदर घट्ट धरून ठेवला. "वहिनी, बघू नका."

"मला काय बघायचंय? माझंही असंच आहे. हात वर करा."

हात वर केला, पण तोंड भिंतीकडे फिरवलं. त्यानंतर प्रत्येक गोष्टीला "थँक्यू" सुरू झालं. पाणी दिलं, थँक्यू. उशी सरकवली, थँक्यू. साडी बदलली, थँक्यू. मी पगारी नर्स असल्यासारखं. माझ्या मिठाला आयुष्यभर नावं ठेवणारी बाई मी भरवलेलं निमूट गिळायची आणि वर थँक्यू म्हणायची. मला त्या शब्दाचा इतका संताप यायचा की एकदा वाटी आपटून मी बाहेर निघून गेले. आतून आवाज आला, "सॉरी, वहिनी." म्हटलं, आता हे दुसरं.

असं पुढच्या पावसाळ्यापर्यंत चाललं. वन्सं गेल्या त्याच्या थोडे दिवस आधीची गोष्ट. अंग पुसून झालं, मी फडकं पिळलं आणि तपेलं उचलायला वाकले. मागून वन्सं म्हणाल्या, "वहिनी, काय घाई करून राहिल्या? मानेमागे कोरडंच ठेवलं. कालही तसंच ठेवलं होतं."

माझी कंबर दुखत होती. मी चिडून म्हटलं, "मग काल काहून नाही सांगितलं?"

"काल सांगावंसं वाटलं नाही," त्या म्हणाल्या, आणि केस स्वतःच्या हातानं वर धरून मान पुढे केली.

पाणी निवलं होतं. मी पुन्हा गरम करून आणलं.