कार्ड कुणासाठी घ्यायचं

१९ नोव्हेंबर. दुपारी गोणीभर मेथी निवडायला घेतली. दुसऱ्या दिवशीच्या डब्यांची भाजी होती. विंझरला आमच्या घरामागे पत्र्याची शेड आहे. तिथून मी नसरापूरजवळच्या एका कारखान्याला दुपारचं जेवण पुरवते. पोळ्यांना दोन बाया आणि डबे न्यायला धाकट्या दिराचा टेम्पो. त्या दिवशी मेथीशेजारी क्रेडिट कार्डांची तीन माहितीपत्रकंही पसरली होती आणि त्यातलं एक कार्ड संध्याकाळपर्यंत ठरवायचं होतं.

कारखान्यात एक तारखेपासून दुसरी पाळी सुरू होणार होती. तिचंही जेवण देता का, असं मला विचारलं होतं. उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत द्यायचं, नाहीतर हायवेवरचा दुसरा ठेकेदार तयारच होता. बाया मिळत होत्या, भांडी होती. अडचण एवढीच की कारखाना महिन्याचं बिल पुढच्या महिन्यात दहा-बारा तारखेला देतो, आणि तेल, कणीक, डाळ आधी भरावी लागते. एका पाळीचं माझ्या शिलकीत भागत होतं. दोन पाळ्यांचं भागलं नसतं. मधले काही आठवडे कार्डावर काढायचे आणि कारखान्याचे पैसे आले की बिल पूर्ण भरून टाकायचं, असा माझा हिशेब.

हे मी घरात बोलायला नको होतं. आमच्याकडे कुणी पुण्याला बाजाराला निघालं की आदल्या रात्री सगळ्यांना विचारायचं असतं, कुणाला काय आणायचंय. न विचारता गेलं तर वर्षभर ऐकून घ्यावं लागतं. त्याच सवयीनं मी आदल्या रात्री जेवताना म्हणून गेले, "बँकेचं कार्ड घेतेय. कुणाला काय पाहिजे का?"

पाहिजे होतं. सगळ्यांनाच.

"वहिनी, डिझेलवालं घ्या," दीर म्हणाला. "डिझेल भरलं की पैसं परत येत्यात."

"आक्का, त्यांच्या डिझेलचं ऱ्हाऊ द्या," जाऊ म्हणाली. "हप्त्यावर फ्रीज देणारं घ्या. याज न्हाई लागत."

"आन् हप्ता कोण भरणार?" सासूबाईंनी विचारलं.

नवऱ्यानं चष्मा लावून एक माहितीपत्रक वाचलं. "ह्याच्यावर इमानतळावर फुकट जेवाण हाय."

"कुठं निघालाय?" मी विचारलं.

"निघालो न्हाई. पण असावं."

सकाळी शेजारच्या चुलत घरातून निरोप आला, मोबाईल घ्यायचाय, कार्ड कधी येणार? म्हणजे रात्रीतून बातमी भिंतीपलीकडे गेली होती. माझं कार्ड यायच्या आधीच सगळ्या भावकीचं झालं होतं. लग्नातलं मोठं पातेलं एका घरचं असलं तरी साऱ्या आळीत फिरतं, तसं.

तरी मी मेथी निवडता निवडता तिन्ही माहितीपत्रकं नीट वाचली. जाऊ मदतीला बसली होती, तिलाही वाचून दाखवली. डिझेलच्या कार्डाचा फायदा एकाच कंपनीच्या पंपावर होता, आणि आमच्या रस्त्याला तो पंप नाही. हायवेला लागून पुढे जावं लागतं. जाऊ म्हणाली, "म्हंजे डिझेल जाळून डिझेल भरायला जायचं." फ्रीजचं आणि विमानतळाचं कार्ड एकच निघालं. त्याला वर्षाची फी होती. ती माफ व्हायला इतकी खरेदी करावी लागली असती की मला कारखान्याला रोज श्रीखंड वाढावं लागलं असतं. शिवाय त्या कार्डाच्या एजंटानं फोनवर पगाराची चिठ्ठी मागितली होती. मी म्हटलं, पगार मी देते, मला कोण देणार? तो म्हणाला, मग अवघड आहे मॅडम.

तिसरं नसरापूरच्या बँकेचं, जिथे माझी ठेव आहे. त्या ठेवीवर मिळणारं साधं कार्ड. फी नाही, बक्षीस नाही, मर्यादा ठेवीच्या आतली. बिल महिनाअखेरीला निघतं आणि भरायची मुदत पंधरा तारखेनंतरची. माझे पैसे बारापर्यंत येतात. मला जे हवं होतं ते एवढंच होतं. ठेवच मोडली असती तरी चाललं असतं, पण मोडलेली ठेव आमच्या घरात पुन्हा उभी राहत नाही.

"म्हंजे फ्रीज न्हाई," जाऊ म्हणाली.

"या कार्डावर नाही. किराण्याशिवाय काहीच नाही."

"मोबाईलवाल्यांना काय सांगायचं?"

"हेच."

तेवढ्यात दीर रिकामे डबे घेऊन आला. जाऊनं त्याला लगेच सांगितलं. त्यानं क्रेट जरा जोरातच खाली ठेवला.

"आमी काय बुडवणार हाय का तुमचं?"

"बुडवाल असं म्हणत नाही, भावजी. पण बिल माझ्या नावावर येणार. तुमचं डिझेल, हिचा फ्रीज, त्यांचा मोबाईल, सगळं त्यात बसलं की माझ्या तेलाला जागा उरत नाही. आणि एकाचे पैसे चार दिवस उशिरा आले तरी सगळ्या बिलावर व्याज लागतं."

"मंग डबं बी रिक्षानं न्या."

गावातल्या सीटवर चालणाऱ्या वडाप रिक्षात इतके क्रेट बसत नाहीत, हे त्यालाही माहीत होतं. टेम्पो नसेल तर दुसरी पाळी सोडाच, पहिलीही गेली असती.

"नेईन," मी म्हटलं. "पण दुसरी पाळी मिळाली तर तुमची रोजची दुसरी फेरी होते. भाडं आत्तासारखंच, महिन्याच्या महिन्याला, रोख. ते नको असेल तर आजच सांगा, मी दुसरा टेम्पो बघते."

"लई व्यापारी झालासा, वहिनी."

"जेवणाचाच व्यापार आहे माझा."

जाऊ खाली मान घालून हसली. तो टेम्पो धुवायला गेला. संध्याकाळी चुलत घरी मी स्वतः गेले आणि कार्ड फक्त धंद्याचं आहे असं सांगून आले. चहा मिळाला, पण साखर कमी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो वेळेवर शेडपाशी लागला. दीर रोज खाली उतरून क्रेट चढवतो; त्या दिवशी बसून राहिला. बायांनी आणि मी चढवले. मी पुढे त्याच्या शेजारी जाऊन बसले. मार्गासनी गाव मागे पडल्यावर त्यानं रस्त्यावरची नजर न काढता विचारलं, "दुसरी फेरी कधी काढायची?"

"संध्याकाळी. सहाच्या पुढे."

"परतीला अंधार व्हनार. भाडं थोडं वाढवा."

"किती ते रात्री सांगा."

नसरापूरला मी उतरले, तो डबे घेऊन पुढे गेला. आधी घाऊक किराणावाल्याकडे जाऊन कार्डानं पैसे दिले तर वर काही लावणार नाही, हे पक्कं करून घेतलं. मग बँकेत गेले, साध्या कार्डाच्या अर्जावर सही केली, आणि मर्यादेच्या रकान्यात बँक देत होती तेवढी न लिहिता महिन्याच्या किराण्याएवढीच लिहिली. बाहेर येऊन कारखान्यात फोन लावला आणि एक तारखेपासून दुसऱ्या पाळीचं जेवण देते म्हणून सांगितलं.