नानांना नावं आठवत नाहीत

साडीच्या दुकानात किस्से साचायला वेळ लागत नाही. दुकान बंद व्हायच्या आधी दिवसभर उलगडलेल्या साड्यांचा डोंगर समोर असतो, हात घड्या घालत असतात आणि तोंड मोकळं असतं. मग एकेक किस्सा निघतो. माझ्याकडचे बरेचसे नानांचे आहेत, आणि हे मला अजिबात आवडत नाही.

जळगावात आमचं दुकान बस्त्यासाठी चालतं. बस्ता म्हणजे लग्नाची कपडेखरेदी, पण आमच्या खानदेशात ती दोघा-तिघांनी येऊन उरकत नाही. नवरीकडचे, नवऱ्याकडचे, मामी, आत्या, काकू, सगळे जीपा भरून येतात आणि गादीवर बसतात. कोणाला कोणती साडी, यावरून लग्नात कोण रुसणार ते इथेच ठरतं.

मी भारती. एकदा ऐकलेलं नाव मी विसरत नाही. कोणती साडी कोणत्या कप्प्यात, कोणत्या रंगात किती पीस शिल्लक, सगळं तोंडपाठ. दुकानात मला 'कॉम्प्युटर' म्हणतात. नाना आमचे सगळ्यात जुने सेल्समन, साठी केव्हाच ओलांडलेले, शिरपूरकडचे, बोलता बोलता अहिराणीवर येणारे. डबा घरी विसरतात आणि घरी गेल्यावर 'डबा दुकानात राहिला' म्हणून फोन करतात! मला 'सुनीता' अशी हाक मारतात. सुनीता माझ्या आधी नोकरीला होती, तिचा मुलगा आता शाळेत जातो.

तरी पार्टी दारातून आत आली की पहिला प्रश्न, "नाना आहेत ना?"

मी जळते. सरळ सांगून टाकते.

यंदा जळायला जास्तीचं कारण होतं. शेठ धुळ्याला शाखा काढत होते आणि तिथल्या बस्त्याच्या गादीवर आमच्यातलं कोणीतरी जाणार होतं. माझा नवरा धुळ्याला नोकरीला, सासर तिथलंच. मी जळगावला आईकडे राहून नोकरी करते आणि सुट्टी मिळाली की एसटी पकडते. आमचा निम्मा संसार पारोळ्याच्या स्टँडवर बस थांबते तेवढ्या वेळात फोनवर झालाय. मला ती गादी हवीच होती. घरी मात्र बोलले नव्हते, ठरलं की सांगू म्हटलं. अडचण एवढीच की नानांचा मुलगा आणि नातू धुळ्याला राहतात, त्यामुळे नानांनाही ती हवी होती.

* * *

यावलची पार्टी आली होती, केळीवाली मंडळी. चहा फिरेपर्यंत मी सगळ्यांची नावं, नाती पाठ केली. नाना उशिरा आले आणि आल्या आल्या नवरीच्या वडिलांनाच म्हणाले, "या व्याही, मुलगा कुठंय?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मला आतून असं गार वाटलं म्हणून सांगू!

मग नानांनी गादीवर एक नजर फिरवली. पार कडेला, चपलांच्या रॅकजवळ एक म्हातारी बसली होती. "अक्का, तुम्ही पुढे बसा. तुम्ही बसल्याशिवाय मी पहिली घडी उघडत नाही."

ती नवरीच्या वडिलांची मोठी बहीण निघाली. आई गेल्यावर तिनेच भावाला वाढवलेलं. ती पुढे बसली आणि बस्ता जेवणाच्या आत उरकला, एकही रुसवा नाही.

"नाना, कसं ओळखलंत?"

"बठ्ठ्या बाया साडी देखी ऱ्हायन्यात, आनि मंग तिन्हाकडे देखी ऱ्हायन्यात."

"आणि नावं? नवरीचं तरी नाव विचारायचं!"

"नाव लीसन काय करू? माले काय पत्रिका छापनी शे?"

* * *

म्हटलं, साडी बघून सगळ्या बायका कोणाकडे बघतात ते हेरायचं, एवढंच ना? आपणही करू!

पुढच्याच आठवड्यात शिरपूरची पार्टी आली आणि नाना रजेवर. मी बरोबर हेरलं. कोपऱ्यात निळ्या साडीतली एक बाई बसली होती आणि दोन्हीकडच्या बायका सारख्या तिच्याकडे बघत होत्या. "काकू, तुम्ही पुढे या!" तिला मधोमध बसवलं, थंड मागवलं, पहिली साडी तिच्याच मांडीवर उघडली. बाई खुलली. तिने चार-पाच साड्यांना नाकं मुरडली, एकीला 'म्हातारा रंग' म्हणाली. नवऱ्याची आई फुगत चालली होती.

शेवटी तीच माझ्या कानाशी आली. "बाई, ही कोण आहे ते आम्हाला तरी सांग!"

जीपवाल्या ड्रायव्हरची बायको होती! गाडीत जागा होती, म्हणून जळगाव बघायला आली होती. नवरीकडच्यांना वाटलं ती नवऱ्याकडची, नवऱ्याकडच्यांना वाटलं नवरीकडची. सगळ्या तिच्याकडे बघत होत्या, कारण ती कोण हेच कोणाला कळत नव्हतं.

* * *

तुळशीचं लग्न लागलं की आमच्याकडे पाय ठेवायला जागा नसते. अशाच गर्दीत शेठच्या मिसेस जिना चढून वर आल्या. नानांनी हात जोडले, पाणी दिलं आणि विचारलं, "ताई, तुम्ही नवऱ्याकडच्या की नवरीकडच्या?"

"दुकानाकडची!" त्या म्हणाल्या.

मी तोंडाला पदर लावला. मनात म्हटलं, झालं! गेलं नानांचं धुळं! मालकिणीला न ओळखणारा माणूस शाखा काय सांभाळणार?

कसलं काय. त्या आठवडाभर तो किस्सा भिशीत, नातेवाइकांत, ज्याला त्याला हसून हसून सांगत होत्या. "आमचे नाना ना, अस्से आहेत!" मी दर वाढदिवसाला त्यांना न चुकता फोन करते. त्यांच्या माहेरच्या लग्नांत कोणी काय नेसलं होतं, तेही मला ठाऊक आहे. त्या मला अजून "ती चुणचुणीत मुलगी" म्हणतात. आमचे नाना, आणि ती मुलगी!

* * *

एका दुपारी पोरांनी मला चढवलं. "ताई, सकाळचा अख्खा बस्ता पाठ म्हणून दाखव."

मी सुरू केलं. नवरीचा शालू, नवरीच्या आईची जांभळी, थोरल्या मामीची काठापदराची, धाकट्या मामीची तशीच पण बुट्टी बारीक. शेवटच्या फॉल-पिकोपर्यंत एकही चूक नाही. पोरांनी टाळ्या वाजवल्या. नाना बशीतून चहा पीत होते.

"ते जाऊ दे. नवरीनी ढिगाखाले कोनती दपाडी?"

"म्हणजे?"

"म्हणजे लपवली गं," नाना म्हणाले. "कोणी दुसरं उचलू नये म्हणून."

मला काय माहीत! मी घेतलेल्या साड्या लक्षात ठेवल्या होत्या.

संध्याकाळी नवरीचे वडील एकटेच परत आले, टोपी हातात धरून. "पोरगी गाडीत बसल्यापासून बोलेना..." त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत नानांनी बांधून ठेवलेलं पुडकं पुढे केलं. वडिलांनी ते उघडूनसुद्धा बघितलं नाही. त्या दिवशी नानांना आपण दुपारी जेवलो की नाही, हे आठवत नव्हतं!

* * *

हा किस्सा हसायचा नाही, पण जळण्यात याचा नंबर वरचा आहे.

भडगावची पार्टी. नवऱ्याच्या आईने बसताना सहज म्हटलं होतं, "पोपटी तेवढी दाखवू नका." कारण पुढे बोलता बोलता निघालं. त्यांची मोठी मुलगी गेली होती, आणि तिला शेवटची साडी पोपटीच नेसवली होती.

माझ्याही लक्षात होतं! अगदी शब्द न् शब्द. पण कोणाला नऊवार हवी, कोणाला सिंथेटिक चालत नाही, कोणाचा ब्लाउज पीस वेगळा, हे सगळं त्याच्याच रांगेत उभं होतं. तास-दीड तासाने काकूंसाठी हिरव्या छटा उलगडताना माझ्या हाताला पोपटी लागली. मी ती झटकणार, एवढ्यात नानांचा पंजा तिच्यावर पडला. घडी उघडलीच नाही. साडी गादीखाली गेली आणि नाना दुसरंच काहीतरी बोलायला लागले.

बाकी कोणाला कळलं नाही, त्या बाईंना कळलं. त्यांनी नानांकडे जसं बघितलं, तसं माझ्याकडे आजवर एकाही गिऱ्हाइकाने बघितलेलं नाही. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

* * *

मग माझ्या नणंदेचं लग्न ठरलं. दोन्हीकडची मंडळी धुळ्याची, बस्ता अर्थात आमच्याकडे. मी शेठना म्हटलं, "हा मी घेते. नानांनी नुसतं बसायचं."

"घे. बघू," शेठ म्हणाले. त्या 'बघू'चा अर्थ मला कळला.

त्या दिवशी मी असं काम केलं की विचारू नका! नवऱ्याच्या थोरल्या आत्याला बरोबर हेरून मधोमध बसवलं. कोणाचं कोणाशी वाकडं ते बघून दोघींना समोरासमोर बसू दिलं नाही. मावश्यांच्या साड्या एकाच तोलाच्या, पण रंग असे की कोणी तुलना करू नये. नाना कडेला सुपारी कातरत होते. सासूबाई विहीणबाईंना सांगत होत्या, "आम्हनी सूनना हात देखा, कसा चालस!"

सगळं बांधून झालं. शेठ जिन्याशी उभे राहून बघत होते, ते गादीपाशी आले. "भारती, धुळ्याचं मी काय म्हणत होतो..."

मी हातातलं पुडकं खाली ठेवलं.

"आनि नवरीनी वहिनीले कोनती?" कडेने नानांनी विचारलं.

मी सवयीने सुरू झाले. नवरीची मामी झाली. काकू झाली. आत्याला मोरपंखी दिली. नवरीची वहिनी... नवरीला भाऊ एकच. त्याची बायको...

मी!

सासूबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "आगं माय! मन्ही सूनच ऱ्हायनी!" त्या स्वतः उठल्या. अख्ख्या दुकानात मला सगळ्यात आवडणारी वांगी रंगाची साडी त्यांनी वरच्या कप्प्यातून काढायला लावली, माझ्या खांद्यावर टाकली आणि पदर सारखा केला. सगळ्या बायका म्हणाल्या, शोभते गं. माझे डोळे भरून आले.

शेठ माझ्याकडे बघत नव्हते.

"नाना," ते म्हणाले, "एक तारखेला धुळ्याला निघा."

सासूबाईंनी माझ्या खांद्यावरची चुणी नीट केली आणि खुशीत म्हणाल्या, "बरं व्हयनं वं माय! आते आम्हना गावले चांगला मानूस ई ऱ्हायना!"