संत्र्याचा शिक्का

चहा निवला तरी चालेल, पण आधी हे ऐका! माणसं परदेशात जाऊन नाव काढतात म्हणे. मी काय काढलं ते ऐकलंत तर मला पुन्हा वसईबाहेर पाठवणार नाही तुम्ही.

दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. आमचा कारखाना वसई पूर्वेला. नवीन मशीन शिकायला साहेबांनी चक्क मला जपानला पाठवायचं ठरवलं. मला! बोरिवलीपुढे कामाशिवाय न गेलेल्या माणसाला!

नेमकं त्याच आठवड्यात बोरिवलीला टीसीने मला धरलं. आठवतात ना ती कूपनं? स्टेशनवरच्या लाल डब्यात घालून पंच करायची, तारीख-वेळ उमटली की तेच तिकीट. मी घाईत पंच करायला विसरलो आणि चारचौघांत माझी पावती फाटली. त्यामुळे निघताना बायकोने बजावलं, "अहो, तिथे तरी आठवणीने पंच करा. परदेशात विनातिकीट सापडलात तर कंपनीची अब्रू जाईल आणि तुमची नोकरी."

हे ऐकून मी विमानात बसलो, इथेच घोळ झाला.

तिकडचा कारखाना एका खेड्याजवळ. तिथलं स्टेशन म्हणजे एवढंसं! एक लाकडी खोली, एक फलाट, मागे डोंगरावर संत्र्यांच्या बागा. स्टेशनमास्तर नाही, टीसी नाही, साधा चहावाला नाही. यंत्रातून तिकीट घ्यायचं, उतरताना ड्रायव्हरच्या हातात द्यायचं. पण दाराशी टेबलावर काय होतं? शाईचा पॅड आणि लाकडी शिक्का!

मी म्हटलं, सापडलं! हाच यांचा लाल डबा!

तिकिटावर शिक्का उमटवला. गोलात जुनं इंजिन आणि शेजारी फळांनी लगडलेलं संत्र्याचं झाड. किती देखणं कूपन! उतरताना ड्रायव्हरने तिकीट पाहिलं, मला पाहिलं आणि कमरेत वाकून नमस्कार केला. आता सांगा, शंका घ्यायला जागा होती का?

दुसऱ्या दिवशी बघतो तर एक आजीबाई शिक्का न मारताच गाडीकडे चाललेल्या! या वयात पावती फाटायची बिचारीची! धावलो, त्यांच्या हातातलं तिकीट घेतलं, ठप्पकन शिक्का मारून परत दिलं. आजींनी आधी तिकीट पाहिलं, मग तीनतीनदा वाकल्या.

मला जोर चढला. मग काय, रोज सकाळी मी टेबलापाशी उभा! शेतकरी, शाळेचे मास्तर, पोस्टमन, सगळ्यांना शिक्का. माणसं इतकी सभ्य की आपणहून रांग लावू लागली. शाळेच्या पोरींना मात्र मी सोडत होतो. पासवाल्याला कूपन कशाला?

रात्री बायकोला फोन केला. "अगं, हे लोक मशीनमध्ये हुशार, पण तिकिटाच्या बाबतीत अगदीच ढिले! मी शिस्त लावली!"

"तुम्ही?" एवढंच बोलली ती.

मी परत निघायच्या आदल्या दिवशी कारखान्याच्या दुभाषी ओकादाबाई म्हणाल्या, "गावकऱ्यांनी तुम्हाला स्टेशनवर बोलावलंय. सत्कार आहे." मी भाषण पाठ करूनच गेलो. सगळा गाव जमलेला. मधोमध एक म्हातारबाबा, अंगात रेल्वेचा जुना कोट. मी इंग्रजीत ठणकावलं, "मी गेल्यावर विसरू नका! चेकिंग कधीही येऊ शकतं!"

ओकादाबाईंनी माझ्याकडे वळून पाहिलं. मग जपानीत काहीतरी बोलल्या. म्हातारबाबांचे डोळे भरून आले. टाळ्याच टाळ्या!

"कसलं चेकिंग?" बाईंनी मला हळूच विचारलं. मी शिक्क्याकडे बोट दाखवलं. त्यांनी पदर नव्हता म्हणून हातरुमाल तोंडाला लावला.

मग कळलं सगळं. गावाने डोंगरावरून लाकडं वाहून हे स्टेशन बांधलं होतं. आपल्या वसईची केळी रेल्वेने मुंबईला जायची ना, तशी तिथली संत्री इथून शहरात जायची. पुढे हमरस्ता झाला, संत्री ट्रकमध्ये बसली आणि स्टेशनवरची माणसं काढली. हे म्हातारबाबा तिथले शेवटचे स्टेशनमास्तर. आलेल्या प्रवाशाने आठवण म्हणून वहीत उमटवून न्यावा, यासाठी त्यांनी तो शिक्का स्वतः कोरला होता. कोणी आलंच नाही. पॅड सुकून गेला, तरी ते त्यात शाई घालत राहिले. आणि एक दिवस इंडियाचा माणूस येऊन रोज शिक्का मारतोय, गावालाही मारतोय!

"मग माझ्या भाषणाचं तुम्ही काय सांगितलंत?"

"सांगितलं की, मी गेलो तरी या स्टेशनला विसरू नका, असं पाहुणे म्हणताहेत."

मला लाजही वाटली आणि रडूही आलं. बाबांना वाकून नमस्कार केला तो अगदी आपला, पायांना हात लावून.

वसईला परतल्यावर स्टेशनवर पहिला भेटला तो पापडी गावचा इनास, आमच्याच कारखान्यातला. बोरिवलीला काम होतं आम्हा दोघांना. त्याला सगळा किस्सा हातवारे करून सांगितला. पूल चढताना सांगितला, गाडीत सांगितला, बोरिवलीला उतरतानाही आजीबाईंचंच चाललं होतं. तेवढ्यात समोर काळा कोट!

मी ऐटीत कूपन काढून दिलं. कोरं करकरीत!

"परत तुम्हीच?" टीसीने मला ओळखलं.

"साहेब, अहो जपानमध्ये मी अख्ख्या गावाला..."

"ते राहू द्या. वसईला पंच केलंत का?"

इनासने शांतपणे आपला पास दाखवला आणि टीसीच्या खांद्यावर हात ठेवला. "साहेब, सोडून द्या त्यांना. स्टाफ आहेत. जपान रेल्वेचे."

टीसी पोट धरून हसला. पावती मात्र फाडलीच.