रविवारी एकच धडा

लॉ कॉलेजच्या प्रवेश परीक्षेचा अभ्यास करताना डोक्यात कलमं किती राहिली ते विचारू नका, किस्से मात्र ढिगाने जमले! क्लास न लावता अभ्यास करणारे आम्ही तिघं: बरकतपुऱ्यातले वसंतकाका, सरकारी नोकरीतून रिटायर झालेले, इन्शुरन्स ऑफिसातला सुमेध, आणि शाळेत शिकवणारी मी. काकांच्या हॉलमध्ये रविवारी एकच धडा. तिघांनाही तो नीट आल्याशिवाय पुढचं पान उघडायचं नाही, हा काकांचा कायदा.

कायदा खरं तर सुमेधसाठीच होता. गेल्या वर्षी पठ्ठ्याने दिवाळीआधीच सगळं संपवलं आणि परीक्षेत कोरा! "ताई, वाचलेलं आठवत होतं, काय वाचलं तेवढं आठवत नव्हतं!" यंदा नाही झालं तर वकिलीचं नावही काढायचं नाही, ऑफिसात बढतीच्या मागे लागायचं, असं त्याने वडिलांना कबूल केलं होतं. घरात आजवर कोणी वकील झालं नव्हतं. बिचारा घाबरलेला असायचा, आणि घाबरला की घाईघाईने पुढच्या धड्याकडे पळायचा.

*

पहिली मॉक टेस्ट. घड्याळ लावलेलं. मध्येच काका उठून आत गेले आणि शांतपणे चहा घेऊन आले.

"काका, वेळ चाललाय!" सुमेध ओरडला.

"चार वाजलेत. मंत्री आले तरी चारचा चहा मी सोडला नाही!"

काकांचे बरेच प्रश्न राहिले, पण सोडवलेले सगळे बरोबर. सुमेधने सगळे सोडवले, बरोबर मोजकेच. काकांनी बशी त्याच्यापुढे सरकवली. "बिस्किट खा आणि चुका बघ."

*

करार हा धडा चालू होता तेव्हाची गोष्ट. बेगम बाजारात हळद घेताना मी दुकानदाराला प्रस्ताव म्हणजे काय, स्वीकार म्हणजे काय, हे समजावू लागले. मागे ही गर्दी! शेवटी त्याने हात जोडले. "मॅडम, तुमारी बातां सब सही. हल्दी होना कि नक्को?"

हवी म्हणाले आणि अर्धा किलो घेतली. करार पूर्ण झाला!

*

परीक्षेच्या आदल्या दिवशी काकांनी पुस्तकं बंद केली आणि आम्हाला काकूंच्या साडीसाठी सुलतान बाजारात नेलं. सुमेध रस्ताभर कलमं पुटपुटत होता. दुकानात त्याने पहिल्याच साडीवर बोट ठेवलं.

"ही घ्या, मस्त आहे!"

काकू भडकल्या. "चारही पर्याय न बघता टिक करतोस? उद्या पण हेच करणार का?"

दुसऱ्या दिवशी पेपर देऊन आला तो सरळ काकूंच्या पाया पडायला.

*

रिझल्ट लागला तेव्हा आम्ही काकांच्याच हॉलमध्ये होतो. तिघंही पास, आणि सुमेधची रँक सगळ्यांत वर! मला इतका आनंद झाला की मी काकूंना मिठीच मारली. सुमेधने आईला फोन लावला, स्पीकरवर.

"आई, झालं! मी वकील होणार!"

"ऐकू नाही आलं रे. पुन्हा सांग."

त्याने सांगितलं.

"पुन्हा एकदा."

त्याने सावकाश, एकेक शब्द सुटा करून सांगितलं.

"अजून एकदा सांग, बाळा."

काका फोनजवळ वाकले. "वहिनी, नेटवर्कचा प्रॉब्लेम दिसतोय. जरा बाहेर येऊन बोला."

"नाही हो भाऊ, पहिल्या वेळीच नीट ऐकू आलं होतं मला. तुम्ही मधे बोलू नका, सांगू द्या त्याला!"