हरिपददा आणि आलकुशी

जुने सहकारी भेटले की कोणी तरी म्हणतंच, "तो हरिपददांचा किस्सा काढ रे." भेटणारी माणसं कमी होत चालली आणि किस्से मात्र वाढतच आहेत. हसत सांगायचं ठरवतो, पण दर वेळी जमतंच असं नाही.

स्वातंत्र्याला पाच-सात वर्षं झाली असतील. कलकत्त्यात आमची प्रयोगशाळा झाडपाल्यातून औषधं शोधायची. हरिपददा रोज बजबजहून गाडीनं सियालदहला येत. नाजूक तराजूवर चिमट्यानं राईएवढी वजनं ठेवायची, हे त्यांचं वीस वर्षांचं काम. आणि नेमका त्यांनाच कंपवात जडला. डायरेक्टरसाहेबांनी सांगून ठेवलं होतं, "दुर्गापूजेपर्यंत बघू. नाहीतर तराजूवर दुसरा माणूस." हरिपददा मला म्हणाले, "तराजू गेला तर मी घरी बसून करू काय?"

*

मी पुण्याहून नुकताच आलो होतो. कंपवातावर वैद्य आलकुशीच्या बिया देत. त्यात नेमकं काय आहे, ते आम्ही शोधत होतो. मी आलकुशी म्हणजे आपली अळशी समजलो आणि बाही सारून खुशाल पोत्यात कोपरापर्यंत हात घातला.

निघाली खाजकुइरी, शेंगांसकट! तासभर काय नाचलो ते विचारू नका. हरिपददांनी माझा हात धरून तेल चोळलं. त्यांचा हात थरथरतोय, माझा खाजेनं उडतोय.

"आप्टेबाबू," ते शांतपणे म्हणाले, "आज दोघांत पेशंट कोण?"

*

बंगाली मला ओ की ठो येत नव्हतं. एकदा त्यांच्या चिमट्यातून तेच वजन तीनदा पडलं. मी हिंदीत विचारलं, "मी ठेवू का?"

मान वर न करता ते म्हणाले, "चेष्टा कोरछि."

मला झोंबलं. मदत करायला जावं तर हा गृहस्थ आपलीच चेष्टा करतो! चार दिवस मी अबोला धरला. पाचव्या दिवशी घरी बोललो, तेव्हा शेजारणीकडून बंगाली शिकणारी बायको म्हणाली, "अहो, बंगालीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. प्रयत्न करतोय म्हणाले ते."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सकाळी चहा घेऊन त्यांच्या टेबलाशी गेलो आणि कप ठेवला.

"दाढ दुखत होती का चार दिवस?" त्यांनीच विचारलं आणि मला स्टूल पुढे केलं.

*

एस्प्लनेडला आम्ही एकदा ट्राममध्ये बसलो होतो. तिकीट घेताना त्यांच्या हातातली नाणी खाली पडली. शेजारचा माणूस कुत्सितपणे म्हणाला, "सकाळी सकाळीच घेतलंत वाटतं?"

"अजून नाही," हरिपददा म्हणाले. "औषध सापडलं की घेणार."

*

मग डॉक्टरांनी बेलाडोनाचे थेंब दिले. तेही झाडाचंच औषध. हात जरा थांबला, पण तोंडाला कोरड पडली, बुबुळं मोठी झाली आणि तराजूचा काटाच दिसेना.

"हात देतो म्हणतो आणि डोळे मागतो," ते म्हणाले. थेंब बंद झाले, हात पुन्हा हलू लागला. पूजा महिन्यावर आली होती. मला त्या दिवसांत त्यांच्याकडे बघवत नसे.

*

पूजेच्या आधी ते तापानं घरी होते. डायरेक्टरसाहेबांनी मला त्यांची वही घेऊन बोलावलं. तराजूचा निर्णय त्या दिवशी व्हायचा होता.

सशांना आलकुशीची पूड रोज किती दिली, पुढे काय झालं, सगळं त्या वहीत होतं. आमच्याकडे ससे सहा. सहाही सशांचं खाणं, वजन, चाल, तारीखवार लिहिलेली. अक्षर मुंगीएवढं झालेलं, पण एक दिवस चुकलेला नाही. साहेब पानं उलटत गेले, शेवटच्या पानावर थांबले आणि मोठ्यानं वाचू लागले.

"ससा नंबर सात. पूड सकाळी, दुधातून. आज बशीत चहा सांडला नाही. योगायोग असू शकेल. उद्या पुन्हा पाहणे."

साहेबांनी चष्मा काढला.

"आप्टे, आपल्याकडे ससे किती?"

"सात, सर," मी म्हणालो.