मनवा, बाबांना सांग

शुभदाकडे मी पहिल्यांदा चहाला गेले, तेव्हा जर्मनीत, वोल्फ्सबुर्गमध्ये आम्ही नवे होतो. ती आमच्या खालच्या मजल्यावर राहायची. "मनवा, बाबांना विचार, चहा हवाय का," ती म्हणाली. बाबा, म्हणजे तिचा नवरा अजित, त्याच सोफ्यावर तिच्याशेजारी बसला होता. पहिलीतल्या मनवाने वळून त्याला जर्मनमध्ये विचारलं. "आईला सांग, अर्धा कप," तो म्हणाला. काहीतरी खेळ असेल म्हणून मी हसले. दुसरं कुणीच हसलं नाही.

शुभदा हसतमुख, टापटिपीची. पुण्यात कॉलेजात मायक्रोबायोलॉजी शिकवायची. तिचं एक वाक्य ठरलेलं, "आमच्याकडे आवाज चढत नाही हं." खरंच चढत नसे. वर आमच्याकडे भांडणं, टीव्ही, हसणं. खालून काही म्हणजे काही ऐकू यायचं नाही. हिवाळ्यात तर मी त्यांच्या दारावरून पाय न वाजवता जायला लागले. का, ते मलाही सांगता आलं नसतं.

एकदा कपडे वाळत घालताना तिनेच सांगितलं. दोन वर्षांसाठी म्हणून ते इथे आले होते. पुण्यातली नोकरी तिने बिनपगारी रजेवर धरून ठेवली होती. मग गणपतीच्या कार्यक्रमात कुणीतरी तिचं अभिनंदन केलं, अजित इथे कायम झाला म्हणून. कायमच्या नोकरीच्या करारावर त्याने सही केली होती, तिला न विचारता.

"मग तू काय म्हणालीस?"

"काहीच नाही. भांडले असते तर त्याने समजूत घातली असती, आणि मी ऐकलं असतं. म्हणून बोलणंच सोडलं. वाटलं, विचारेल." ती दोरीवरचा टॉवेल सारखा करत राहिली. "नाही विचारलं."

वसंतात शाळेतून बोलावणं आलं. शुभदाचं जर्मन कच्चं, म्हणून मी बरोबर गेले. मनवा वर्गात कुणाशीच बोलत नाही, बाई म्हणाल्या. घरी बोलते का? शुभदाने मान हलवली. ती हो होती की नाही, मलाही कळलं नाही.

घरी आलो, तर अजित जेवणाच्या टेबलाशी बसलेला.

"मनवा, बाबांना सांग, बाईंनी त्यांनाही बोलावलंय."

मनवाने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. इतकं घट्ट, की गालांत बोटं रुतली.

शुभदा पांढरीफटक पडली. "अजित," ती म्हणाली. तिच्या तोंडून त्याला अशी हाक मी प्रथमच ऐकत होते. "मी मनवाला घेऊन जातेय इथून."

अजितने मान वर केली आणि मनवाकडे पाहिलं. ती सांगेल म्हणून वाट पाहत राहिला.

त्या उन्हाळ्यात मायलेकी कोलोनला गेल्या. शुभदाला तिथे एका प्रयोगशाळेत काम मिळालं. पुढे रीतसर घटस्फोट झाला. त्यानंतर एकदा तिचा फोन आला.

"मनवा बोलते गं आता! परवा तर माझ्यावर ओरडली. इतकं बरं वाटलं मला."

"आणि अजितशी?"

"त्याचा फोन आला की रिसीव्हर कानाला लावून बसते. सगळं ऐकून घेते. बोलत नाही."

मग ती हळूच म्हणाली, "ते माझ्याकडूनच शिकलीय."